डाव्या दंडाचा दोरा

अनंत चतुर्दशीला दोन दिवस उरले असताना शेवंतीने देवघरातली पेटी उघडली आणि आत एकच दोरा निघाला.

दोन हवे होते. आमोण्याच्या या देसायांकडे अनंताचे व्रत चार पिढ्या चालत आलेले. चौदा गाठींचे तांबडे रेशमी दोरे, एक नवऱ्याच्या उजव्या दंडावर, एक बायकोच्या डाव्या दंडावर. बायकोच्या दोऱ्याला घरात अनंती म्हणत. पूजा झाली की बायकोने नवऱ्याला बांधायचा, नवऱ्याने बायकोला. तिसऱ्या कुणी बांधायला हात लावायचा नाही, आणि दोरा दंडावर बसेपर्यंत अन्नाला शिवायचे नाही. चौदा दिवस घालून झाले की दोरे पेटीत जायचे. पुढच्या वर्षी नव्यांच्या शेजारी जुने मांडून पूजा व्हायची आणि संध्याकाळी जुने मांडवीत सोडायचे. पेटीची किल्ली शेवंतीच्या कमरेला आणि दोरे नदीवर नेण्याचे कामही तिचेच. लग्न राहून गेलेल्या नणंदेला घरात काहीतरी मान द्यायला हवा, म्हणून तो दिलेला. त्रेसष्टाव्या वर्षीही तो तिने कडक सांभाळला होता.

तिने पेटी उपडी केली. कापराच्या वड्या, जानव्यांचे जोड, उदबत्तीचा चुरा. भाच्याचा, गौरेशचा दोरा होता, त्याच्या बायकोचा, क्षमाचा नव्हता. गेल्या वर्षीच्या बोभाट्यात तो आपल्या हाती आलाच नाही, हे तिच्या ध्यानातून गेले होते.

असणार कसा? शिमगा झाला आणि क्षमा माहेरी तुयेला निघून गेली. पूजेच्या दुसऱ्याच दिवशी डिचोलीच्या कोर्टात तिच्यावरच्या खटल्याची तारीख होती. बायको व्यभिचारी आहे, सबब घटस्फोट मिळावा, असा गौरेशचा अर्ज. देसायांची भांडणे आजवर देवळाच्या चौकात मिटत आली होती. कोर्टाच्या कागदावर घराचे नाव आणि त्याच्या मागोमाग तो शब्द, हे पहिल्यांदाच घडत होते. गावाला तर पर्वणीच. पोदेर सकाळी पाव देताना सायकलवरून उतरून घटकाभर घुटमळत असे, काही कानावर पडते का म्हणून. आणि एवढ्या मोठ्या खटल्याला डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार एकच होता, तो म्हणजे शेवंती.

ती बाहेरच्या दालनात आली तेव्हा कृष्णनाथ वकील कदेलीवर पाठ टेकून चहात बिस्कीट बुडवत होते. तिची तयारी करून घ्यायला आले होते. शेजारी परेश, गौरेशच्या धाकट्या काकांचा मुलगा, ज्याने हे प्रकरण पहिल्यापासून अंगावर घेतले होते. सुमंगलावैनी, गौरेशची आई, भिंतीला टेकून वाती वळत होत्या. गौरेश जनेलाशी बाहेर बघत उभा होता, खोलीकडे पाठ करून. अर्ज त्याच्या नावाचा, पण बैठकीत तो पाहुण्यासारखा वागे.

"या, शेवंतीबाई," वकील म्हणाले. "फार काही नाही. मागच्या वर्षी अनंताच्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत, एवढंच मी विचारणार."

"दोरो बांदताना बगलंय."

"कोणी? कोणाला?"

"सागरान. क्षमाक."

"बस्स. आरतीला हार्मोनियम वाजवायला आलेल्या परपुरुषाने दंडाला हात लावला, घरच्या बाईने डोळ्यांनी पाहिलं. पुढे फोन आहेत, त्याच्या गाडीत बसल्याचे फोटो आहेत. सगळं त्या दोऱ्यात ओवलं जातं."

"आणि तेच्या आदी काय झाला, तां?"

वकिलांनी कप खाली ठेवला. उत्तर परेशने दिले. "तेंचो वकील विचारीत, तर आठवणा नाय म्हणूचां, आत्ये. तुज्या वयाक शोभता."

तो हसला. दुसरे कुणी हसले नाही. शेवंतीला सगळे आठवत होते, अगदी त्या दिवशी भाजीत मीठ किती पडले होते तेसुद्धा. पण ते बोलण्याची ही वेळ नव्हती. तिने पेटीतली बातमी सांगितली.

"अनंती पेटयेत नाय. क्षमा घेवन गेली."

सुमंगलावैनींच्या हातातली वात अर्धवट राहिली. कोर्ट म्हटले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती, आता मात्र त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "म्हणजे? जुनो दोरो नाय तर पूजा कशी होतली? माज्या सासूबाईंच्या येळार एकदां दोरो हरवल्लो, तर वर्सभरात..."

"काकी, खुळ्यासारकां काय बोलतंस?" परेश म्हणाला. "बायकोच जाग्यार नाय, दोऱ्याचां काय घेवन बसलंस? यंदा तिच्या पाटार सुपारी ठेवूची. भटजींनी सांगलां, चलता."

"सुपारी बायको जिती आसा म्हणान चलता," सुमंगलावैनी म्हणाल्या.

"तर! फुडल्या वर्सा ती पण चलाची नाय. एकदां घटस्फोट झालो की सुपारी कोणाच्या नावाची ठेवतलंस? पण तू कित्याक भियेतंस? व्रत मोडूचां नाय. आमच्याकडे येतलां. माजी बायल आसा मगो घरात. आणि दसऱ्याचो मान पण मगे जोडप्याकच..."

तो बोलता बोलता थांबला, पण बाण सुटून गेला होता. सुमंगलावैनींनी पुतण्याकडे पाहिले. वर्षभर हा पोरगा फायली घेऊन धावत होता, वकील शोधत होता, काकीसाठी औषधे आणत होता, आणि त्यांना वाटत होते, रक्त रक्ताला धावते. रक्त कशाला धावत होते ते त्यांना आत्ता दिसले. अर्धी वळलेली वात त्यांनी पूर्ण केली आणि ताटात ठेवली.

"शेवंते," त्या म्हणाल्या, "दोरो व्हयो."

"मी जातंय तुयेक."

"साक्षीदाराने दुसऱ्या पक्षाला भेटणं..." वकिलांनी सुरुवात केली.

"मी सुनेक भेटूक जातंय," शेवंती म्हणाली. "पक्षाक नाय."

गौरेशने चालकाला हाक मारली. शेवंती गाडीत बसली तेव्हा तो खाली आला. एक्केचाळिसाव्या वर्षीच त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. सुर्ल्याच्या खाणीवर त्याचे अठरा ट्रक चालत, गावात त्याच्या शब्दाला वजन होते, आणि आत्ता त्याला एक वाक्य धड जुळवता येत नव्हते.

"आत्ये, तिका सांग..."

"काय सांगू?"

"काय नाय. दोरो घेवन ये."

*

तुयेला क्षमाच्या भावाचे घर औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर. तीन खोल्या, पुढे पडवी, पडवीत अबोलीच्या कुंड्या. क्षमा नुकतीच कामावरून आली होती. औषधांच्या कारखान्यात खोकी भरायच्या कामाला लागली होती. निळा अंगरखा, लांब बाह्या, केस जाळीत बांधलेले. देसायांची सून म्हणून दसऱ्याला पैठणी नेसून देवाच्या तरंगकाठ्यांना ओवाळणारी ती हीच, हे कुणाला सांगून पटले नसते. शेवंतीच्या पाया पडायला ती वाकली आणि दोघींच्या डोळ्यांत एकदमच पाणी आले. मग दोघीही ते आलेच नाही असे वागल्या.

"च्या ठेवतंय. दूध कमी घालू मां? तुका कोरोच आवडता." आतून तिचा आवाज आला. "आत्ये, माजो हात अजून दोन कपांचोच पडता. एक माजो, एक तेंचो. भाऊ हसता."

शेवंतीने चहा हातात येईपर्यंत धीर धरला. मग म्हणाली, "क्षमा, अनंती व्हयी. पूजा अडल्या."

क्षमाने डावी बाही वर सारली.

दोरा दंडावरच होता. वर्षभराच्या आंघोळींनी आणि घामाने तांबडा रंग उडून विटकरी झालेला, गाठी दबून सपाट झालेल्या. पण होता.

"चौदा दिवसांनी काडूचो असता गो!"

"काडूक दुसरो हात लागता, आत्ये. दर वर्सा तेच सोडीत. ह्या खेपेक तेंनी बगलां नाय, मी मागलां नाय. मगे तुज्या तोंडातलां तां तेंच्या कानार गेलां, आणि कोण कोणाच्या दंडाक हात लावता?"

हे ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच ते शेवंतीला जास्त लागले. तिच्या तोंडातले. खरेच होते ते.

"सागर खंय आसा?" तिने विचारले.

"कुडाळाक, तेच्या गावात. गाडयेत बसलंय तां भावाक हॉस्पिटलात न्हेताना, तां पण फोटोत इलां. मीच तेका सांगलंय, फोन करू नको." क्षमाने कप खाली ठेवला. "पण एक सांगतंय. तो गाठ मारी होतो तेवां माज्या आंगार काटो इलो. खोटां कित्याक सांगू? घरात इतकी माणसां, आणि पेटी वाजवूक इलल्या माणसाक दिसलां, ही बाई सकाळपासून उपाशी आसा. माका बरां वाटलां. तां पाप आसात तर कोर्टान लिवन घेवचां. तेच्या फुडे काय नाय. दर राती ह्या दोऱ्यार हात ठेवन मी वाट बगलंय ती सागराची न्हय."

बाहेरून कारखान्याची बस हॉर्न वाजवत गेली.

"सोड," क्षमाने हात पुढे केला.

शेवंतीला गाठ सुटता सुटेना. ट्रकवर ताडपत्री आवळतात ती गाठ होती. ट्रकवर काम केलेल्या बिचाऱ्या सागरला तीच येत होती. नखे लावून, दात लावून ती एकदाची सुटली. दोरा निघाला आणि दंडावर त्याच्या जागी गोरी पट्टी उरली. क्षमाने ती तळव्याने झाकली.

"ते बरे आसत?" तिने विचारले.

"जेवता नीट नाय."

"पेज दी. वयल्यान तूप. स्वतःच्यान मागूचे नाय ते," क्षमा म्हणाली आणि बाही खाली ओढून तिने कफाचे बटण लावले.

*

पूजा झाली. दर्भाचा शेषनाग फणा काढून बसला, चौदा प्रकारची पत्री वाहून झाली, चौदा वडे पानात पडले. गौरेशच्या डावीकडच्या पाटावर तांदळाच्या राशीत सुपारी होती. भटजी तिला अक्षता वाहताना "सौभाग्यवती" म्हणाले आणि गौरेशने मान खाली घातली. ज्या बाईला कोर्टात कुलटा ठरवायला उद्या जायचे तिलाच आज देवासमोर सौभाग्यवती म्हणून शेजारी बसवायचे, हा घोळ त्याच्या डोक्यात कधीच नीट बसला नव्हता. पाटावर जुने दोरे आले. एक तांबडा, पेटीत राहिलेला, एक विटकरी. त्या रंगातला फरक सर्वांना दिसला. सुमंगलावैनींनी विटकरी दोरा दोन वेळा डोळ्यांना लावला. बांधणारी घरात नव्हती, म्हणून गौरेशचा नवा दोरा आणि नवी अनंती सुपारीजवळच राहिली; गौरेश उपाशीच होता. यंदा पेटी वाजवायला कुणाला बोलावले नव्हते, आरती नुसत्या टाळ्यांवर उरकली. परेश जेवून लवकर गेला. त्याला पान वाढताना सुमंगलावैनींनी आग्रह केला नाही.

उन्हे उतरल्यावर शेवंतीने केळीच्या पानावर दोरे घेतले आणि ती नदीकडे निघाली. दरवर्षी ती एकटीच जायची. यंदा मागून गौरेशच्या चपला वाजल्या.

घाटाच्या पायऱ्यांवर पाणी चढले होते. पलीकडच्या काठाने एक रिकामी बार्ज संथ चालली होती. दोघे खालून तिसऱ्या पायरीवर बसले.

"तिनां काय सांगलां?" गौरेशने विचारले. दोन दिवस त्याने मनात धरलेला प्रश्न.

पानावरचा विटकरी दोरा उचलून शेवंतीने त्याच्या हातात ठेवला. "हो तुज्या दंडार बांद बगया. एका हातान."

"कित्याक?"

"बांद."

त्याला वाटले म्हातारी चेष्टा करते आहे. त्याने दोरा डाव्या दंडावर टाकला, एक टोक उजव्या हाताने धरले, दुसरे निसटले. पुन्हा टाकला. एक टोक दातांत धरले, मान वाकडी केली, फेरा घातला. गाठ आवळायला गेला तर सगळाच दोरा मांडीवर. तिसऱ्यांदा तो चिडला. अठरा ट्रकांचा धनी पायरीवर बसून हातभर दोऱ्याशी झटत होता.

"नाय जमणा."

"मगे तिनां कसां बांदूचां होतां?"

गौरेशला आठवले. मागच्या वर्षी त्याचा दोरा क्षमाने बांधला होता. तिचा उचलायला तो वाकला आणि सुर्ल्याहून फोन आला, रस्त्यात ट्रक उलटला, लोक जमले. "येतंय" म्हणून तो पाटावरून उठला. रात्री परतला तेव्हा तिच्या दंडावर दोरा होता. तो कुणी बांधला हे विचारावे असेसुद्धा त्याच्या मनात आले नव्हते.

"किती येळ बसल्ली?"

"बारांक तू उठलंस. भटजी फुडल्या घराक गेले. आमी जेवलों, पानां उचलली. साडेतीन वाजले."

"हात फुडे करून?"

"सुरवातीक फुडे. मगे दुखाक लागलो तसो मांडयेर ठेवल्यान. पण सरळ करून. तू येतलंस म्हणान." शेवंती पाण्याकडे बघत बोलत होती. "वैनी विधवा, मी बिनलग्नाची, आमच्या हातान चलणा नाय. तो सागर कुडाळचो. तेका आमची रीत खंय म्हायत? तेका उपाशी बाई दिसली. तेनां विचारलां, मी बांदू काय, आणि तिनां माज्याकडे बगल्यान. मी मान फिरवलंय."

"तू?"

"मी. आणि सांजेक वैनीक जावन सांगलंय. लपवचां नाय, बाबा, सांगताना माज्या जिबेक तां गोड लागलां. तिच्या दंडाक कोणीतरी हात लावलो, माका त्रेसष्ट वर्सांत कोण इलो नाय. तेवड्याच करतां." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "उद्यां कोर्टात मी जातलंय. विचारतले तां सगळां सांगतलंय. पण तू पाटारसून उठलंस थंयसून सुरू करतलंय. आठवणा नाय म्हणूचंय नाय."

खिशात फोन वाजू लागला. कृष्णनाथ वकील. वाजून वाजून तो बंद झाला. गौरेश हातातल्या दोऱ्यावरच्या दबलेल्या गाठींवरून अंगठा फिरवत राहिला.

"वर्सभर घातल्यान?" त्याने विचारले.

"तू सोडशीत म्हणान."

त्याने तोंड फिरवले. बापाच्या मयतालाही न रडलेला माणूस, त्याच्या रडण्याला सवयच नव्हती; नुसता खोकल्यासारखा आवाज आला. शेवंतीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो पाच वर्षांचा असताना ठेवायची तसा.

सावरल्यावर तो म्हणाला, "एका हातान जमणा नाय, तां तुका कसां म्हायत?"

तिने पानाची कड दुमडली, पुन्हा सरळ केली.

"चाळीस वर्सां जुने दोरे घेवन हंयसर येतंय," ती शेवटी म्हणाली. "सोडूच्या आदी दर खेपेक एकदां बगतंय."

बार्ज वळणाआड गेली. तिच्या लाटा उशिराने काठाला लागल्या.

"हात दे," गौरेश म्हणाला.

"पिसो काय तू? माका चलणा नाय. जुनो दोरो तो, उदकात सोडूचो."

"हात दे, आत्ये."

तिने दिला. डावा. पोलक्याच्या बाहीखाली सैल पडलेल्या दंडावर त्याने तो विटकरी दोरा ठेवला, एक फेरा घातला, दुसरा घातला आणि हलक्या हाताने गाठ मारली. शेवंती श्वास धरून बसली होती. इतके सोपे असते हे तिला कुणी सांगितले नव्हते.

"आता माज्यार कोण केस घालतलो?" तो थट्टेने म्हणाला.

म्हणाला आणि त्याची बोटे गाठीवरच थांबली. बराच वेळ ती तिथून हलली नाहीत.

मग तो उठला. पायऱ्या चढता चढता त्याने सदऱ्याचा खिसा चाचपला. सुपारीजवळची नवी अनंती त्याने कधी उचलली ते शेवंतीने पाहिले नव्हते. खिशातून तांबडे टोक बाहेर आले होते.

"ती हात फुडे करतली म्हणान जाव नको," शेवंती मागून म्हणाली.

"नाय," तो म्हणाला. "साडेतीन तास बसाक जातंय."

वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि तुयेच्या दिशेने गेला. शेवंतीने गौरेशचा जुना दोरा पाण्यात सोडला. दुसरा सोडायचा राहिला होता. तो काढायलाही दुसरा हात लागतो. तिला घाई नव्हती.